ज्याचं त्याचं इंद्रधनुष्य

पावसाळ्यात आमच्या साताऱ्यात इंद्रधनुष्य बघायचं असेल, तर दुपारी चारच्या आत मान वर करून उपयोग नाही. सकाळी सव्वानऊनंतरही नाही. मधल्या वेळात कितीही सुंदर ऊन-पाऊस होऊ दे, कोल्ह्याची दहा लग्नं लागू देत, सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाशात धनुष्य दिसणार नाही. ढग कसे आहेत, वारा कुठला आहे, याचा इथे काही संबंध नाही. हा निव्वळ कोनाचा हिशेब आहे आणि तो कधी चुकत नाही.

ऊन असताना जमिनीवर आपल्या डोक्याची सावली शोधायची. सूर्यापासून निघून आपल्या डोक्यातून आरपार जाणारी एक रेघ मनात ओढली, तर ती त्या सावलीवर टेकते. इंद्रधनुष्याचा मध्य नेहमी या रेघेवर असतो. रेघेपासून ४२ अंश बाजूला, चहूकडून सारख्या अंतरावर, जे वर्तुळ होईल तेच इंद्रधनुष्य. मोजायला यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करून बोटं ताणली की आपली एक वीत साधारण २० अंशांची भरते. सावलीच्या डोक्यापासून दोन विती मोजायच्या आणि तिथे नजर लावायची. धनुष्य असेल तर तिथेच असेल, नाहीतर कुठेच नसेल.

सूर्य माथ्यावर असतो तेव्हा आपली सावली पायाशी गोळा झालेली असते. तिच्यापासून दोन विती म्हणजे अजून जमिनीतच. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली उतरला की मगच त्या वर्तुळाची वरची कड डोकं वर काढते. आषाढात काय, श्रावणात काय, आमच्याकडे हे चारच्या सुमारास घडतं. पाच वाजता धनुष्य बुटकं, पसरट असतं, सहाला चांगलं अंगाला येतं, आणि सूर्य टेकला की पुरतं अर्धं वर्तुळ उभं राहतं. सूर्य जितका खाली, धनुष्य तितकं उंच. लंडनला डिसेंबरात सूर्य दुपारी बारालाही जेमतेम १५ अंश चढतो, त्यामुळे तिथल्या लोकांना हिवाळ्यात भर दुपारी इंद्रधनुष्य दिसू शकतं. आपल्याकडे ते सकाळचं नाहीतर संध्याकाळचं. मला हे आवडतं. पाऊस धो धो कोसळतो तेव्हा त्याला वेळकाळ नसतो, पण त्याच्या या एका रूपाला वेळापत्रक आहे.

आमच्या गच्चीवरून पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर दिसतो, दक्षिणेला अजिंक्यतारा, आणि पूर्वेला शहर संपून शेतं सुरू होतात त्याच्या पलीकडे जरंडेश्वर. पाऊस कासच्या पठारावरून, यवतेश्वरावरून खाली उतरतो, गावाला भिजवतो आणि जरंडेश्वराकडे निघून जातो. सर गेली की पश्चिमेला ढगांची कड उचलली जाते आणि तिच्या खालून तिरपं पिवळं ऊन आत शिरतं. ओल्या पत्र्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर ते पडतं, आणि त्याच वेळी समोर जरंडेश्वरावर सर अजून कोसळत असते. पाठीशी ऊन, पुढ्यात पाऊस. एवढं जुळलं की डोंगराच्या उजव्या सोंडेवर आधी एक रंगीत खांब उभा राहतो, मग तो वाकत वाकत वर चढतो. सगळी कमान एकदम लागत नाही. जिथे पाऊस आहे आणि त्यावर ऊन आहे तेवढाच तुकडा दिसतो, आणि पावसाचा पडदा सरकेल तसा तुकडाही सरकतो.

म्हणजे मोसमी पावसात संध्याकाळी पूर्वेला इंद्रधनुष्य दिसलं तर समजावं, सर आपल्यावरून पुढे गेली. सकाळी पश्चिमेला दिसलं तर मात्र वाळवण आत घ्यावं, कारण पाऊस यायचाच आहे. हे माझं शहाणपण नाही. सहाव्या शतकात उज्जैनकडे होऊन गेलेल्या वराहमिहिराने ते लिहून ठेवलं आहे. पूर्वेचं इंद्रधनुष्य पाऊस नसेल तर पाऊस आणतं आणि पडत असेल तर थांबवतं. पश्चिमेचं नेहमीच पाऊस सांगतं, असा त्याच्या श्लोकाचा अर्थ. त्याने शकुन म्हणून सांगितलं, पण शकुनाच्या आड पिढ्यान्‌पिढ्यांची नजर आहे. माळव्यातही मोसमी वारे बहुतेक पश्चिमेकडूनच येतात. इंद्रधनुष्य म्हणजे काय, हेही तो सांगतो: सूर्याचे नाना रंगांचे किरण ढगाळ आकाशात वाऱ्याने विखुरले जाऊन धनुष्याच्या आकारात दिसतात ते. रंग ढगाचे नाहीत, सूर्याच्या किरणांचे आहेत, हे त्याने नेमकं धरलं. थेंब मात्र त्यात नाही. थेंबाचं काम त्याने वाऱ्याला दिलं आहे. आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं असं म्हणून त्याच्या तोंडी न्यूटन घालण्यात मला गंमत वाटत नाही. पूर्व आणि पश्चिम यांतला फरक त्याने टिपला, हीच मला मोठी गोष्ट वाटते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग कुठूनही येतात, तेव्हा हा नियम लागू पडत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

थेंबाकडे जाऊ या.

शाळेत आपण सगळ्यांनी तो थेंब काढलेला आहे. डावीकडून एक पांढरी रेघ आत शिरते, वाकते, मागच्या भिंतीवर आपटून परत फिरते, बाहेर पडताना पुन्हा वाकते आणि सात रंगांत फुटते. अपवर्तन, अपस्करण, आंतरिक परावर्तन, हे तीन शब्द लिहिले की मार्क मिळतात. आकृती खरीच आहे, पण मुख्य गोष्ट तिच्यात राहून जाते. सूर्याचा प्रकाश थेंबावर एका ठिकाणी पडत नाही, समोरच्या सबंध अंगावर पडतो. बरोबर मध्यावर पडलेला किरण सरळ मागे जाऊन सरळ परत येतो. जरा बाजूला पडलेला थोडा तिरपा परततो, आणखी बाजूला पडलेला आणखी तिरपा. मग थेंबातून सगळ्याच कोनांत प्रकाश येत असेल, तर कमान ४२ अंशांवरच का?

या प्रश्नाशी माणसं फार मेहनतीने झुंजली आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात कमालुद्दीन अल फारिसी आणि जर्मनीत थिओडोरिक नावाचा एक ख्रिस्ती साधू, दोघांनी एकच युक्ती केली. थेंब हातात धरून बघता येत नाही, म्हणून पाण्याने भरलेला काचेचा गोल घ्यायचा आणि त्यालाच एक मोठा थेंब मानायचं. त्यात किरण कसा शिरतो, कुठे आपटतो, कुठून बाहेर पडतो हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. साधारण एकाच काळात, हजारो किलोमीटरच्या अंतरावर, एकमेकांचं नावही न ऐकता. ढगाएवढी अवाढव्य गोष्ट समजून घ्यायला एका थेंबापासून सुरुवात करायची, हे ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

४२चं उत्तर मात्र १६३७ साली रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने छापलं. त्याने केलं ते काम कष्टाचं होतं. थेंबावर वेगवेगळ्या जागी पडणारे किरण घेऊन एकेकाचा मार्ग कागदावर गणित करून काढला. थेंबाच्या मध्यापासून कडेकडे सरकत गेलं की परतणाऱ्या किरणाचा कोन वाढत जातो. दहा अंश, वीस, तीस. त्रिज्येच्या साधारण ८६ टक्क्यांवर तो ४२ला पोचतो. तिथून पुढे, अगदी कडेपर्यंत गेलं तरी, तो वाढत नाही. उलट परत कमी व्हायला लागतो. वर फेकलेला चेंडू माथ्यावर पोचल्यावर खाली वळण्याआधी क्षणभर रेंगाळतो, तसाच हा कोन ४२पाशी रेंगाळतो. आजूबाजूला पडलेले पुष्कळ किरण त्यामुळे जवळजवळ त्याच एका दिशेने बाहेर पडतात. बाकीच्या कोनांत प्रकाश विरळ पसरतो, ४२पाशी त्याची गर्दी होते. ही गर्दी म्हणजे इंद्रधनुष्य.

एवढं एकदा कळलं की धनुष्याकडे बघण्याची रीतच बदलते. पुढच्या वेळी दिसेल तेव्हा रंग जरा बाजूला ठेवा आणि आकाशाची उजळता बघा. कमानीच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो. ४२च्या आत विरळ का होईना, प्रकाश परत येतो. ४२च्या बाहेर एका परावर्तनाचा किरण जातच नाही. जरंडेश्वरावर हे इतकं स्पष्ट दिसतं, की कमानीच्या आतला डोंगर दुधी आणि बाहेरचा गडद निळा, जणू दोन वेगळे डोंगर. दुसरं, फिकट धनुष्य वर उमटलं असेल तर दोन्हींच्या मधला पट्टा सगळ्यांत काळा असतो. साधारण इसवी सन २००च्या सुमारास अफ्रोडिसियस गावच्या अलेक्झांडर या ग्रीक तत्त्वज्ञाने हा पट्टा नोंदवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. वरचं धनुष्य थेंबाच्या आत दोनदा आपटून आलेल्या प्रकाशाचं असतं, सुमारे ५१ अंशांवर, आणि त्याचे रंग उलटे: तांबडा आत, जांभळा बाहेर. तीनदा आपटलेल्या प्रकाशाचंही धनुष्य होतं, पण ते उगवतं सूर्याच्याच भोवती, त्याच्या झगझगाटात. त्याचा फोटो पहिल्यांदा निघाला तो २०११ साली.

शाळेच्या आकृतीतली आणखी एक गोष्ट मला कधी सोडून देववत नाही. थेंबाच्या मागच्या भिंतीवर किरण आपटून परत येतो असं आपण म्हणतो, पण तिथे येणाऱ्या प्रकाशाच्या शंभर भागांतले जेमतेम पाच-सहा भाग परत फिरतात. बाकीचे ९४ थेंबाबाहेर पळून जातात. आकाशभर झळाळणारी ती कमान एवढ्याशा शिलकीतून उभी राहिलेली असते. ही शिल्लकही एका विशिष्ट दिशेने कंप पावणारी असते. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवावा. फिरवताना एका ठिकाणी कमानीचा तो भाग जवळजवळ पुसला जातो आणि आणखी फिरवला की पुन्हा भरून येतो. आकाशातली एवढी थोरली गोष्ट बोटांत धरलेल्या काचेच्या तुकड्याने मावळते आणि उगवते. हा प्रयोग एकदा प्रत्येकाने करायलाच हवा.

रंगांबद्दल मला थोडंच सांगायचंय. पाण्यात तांबडा सगळ्यांत कमी वाकतो आणि जांभळा सगळ्यांत जास्त, म्हणून तांबड्याची गर्दी ४२ अंशांच्या जरा वर होते आणि जांभळ्याची ४१च्या जरा खाली. सगळ्या पट्ट्याची रुंदी दोन अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याएवढी. त्यातच सूर्य हा काही ठिपका नाही. आकाशात तो स्वतःच अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे प्रत्येक रंग शेजारच्यावर सांडतो आणि कडा कधी सुट्या होत नाहीत. ‘तानापिहिनिपाजा’ आपण सगळ्यांनीच घोकलंय, पण त्यातला पारवा प्रत्यक्ष कमानीत मला कधी वेगळा काढता आलेला नाही. न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मोजले होते. सप्तकातल्या सुरांशी रंग जुळावेत म्हणून नारिंगी आणि पारवा त्याने मागाहून वाढवले. सूर सात म्हणून रंग सात, हे आपल्याला पटायला वेळ लागला नसणार.

रंगांपेक्षा मला जास्त गुंतवून ठेवतं ते थेंबांचं पडणं. प्रत्येक थेंबातून सगळेच रंग निघतात, पण माझ्या डोळ्यापर्यंत एका वेळी त्यातला एकच पोचतो. कमानीच्या माथ्यावरचा थेंब वरून खाली येत असतो. आधी तो माझ्यासाठी तांबडा असतो. जरा खाली आला की पिवळा, मग हिरवा, निळा, जांभळा. मग तो कमानीतून निघून जातो आणि नुसता पाऊस होतो. किलोमीटरभर दूरच्या सरीतला मोठा थेंब हा सगळा प्रवास पाच-सहा सेकंदांत संपवतो. त्याची जागा वरून येणारा दुसरा घेतो, मग तिसरा. दहा मिनिटं स्थिर दिसणाऱ्या धनुष्यात दहा मिनिटं टिकलेला एकही थेंब नसतो. टिकतो तो कोन.

आणि तो कोन माझ्या डोळ्याशी झालेला आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याशी ४२ अंशांचा कोन करणारे थेंब दुसरे. त्याचं तांबडं जिथून येतं, तिथल्या थेंबातून मला भलताच रंग येतो, किंवा काहीच येत नाही. आम्ही दोघं ‘ते बघ’ म्हणून एकाच दिशेला हात करतो, कारण दिशा सारखीच असते. थेंब वेगळे असतात. इंद्रधनुष्य कुठे आहे या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते कुठेच नसतं; सूर्य, पाऊस आणि एक डोळा यांच्यातला तो संबंध आहे. यातलं एक काढलं की दुसऱ्या दोघांत धनुष्य उरत नाही.

माझी ताई कोरेगावला असते, साताऱ्यापासून वीसेक किलोमीटर पूर्वेला, जरंडेश्वराच्या पलीकडच्या अंगाला. गेल्या श्रावणात गच्चीवरून मला कमानीचं टोक बरोबर तिच्या गावावर उतरलेलं दिसलं, म्हणून फोन लावला.

“अगं ताई, तुमच्या गावावर इंद्रधनुष्य उतरलंय बघ.”

“कुठलं गं इंद्रधनुष्य? काळंकुट्ट झालंय इथं. मी कपडे काढतेय दोरीवरचे, ठेव फोन.”

मी ज्याला धनुष्याचं टोक म्हणत होते, ते तिच्यासाठी अंगावर येणारी सर होती. अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. “आता दिसतंय गं. पण माझ्या गावावर नाही. तिकडं पुढं, रहिमतपूरच्या रस्त्यावर.” तोवर माझ्या आकाशात काहीच नव्हतं. कमानीच्या पायथ्याशी कुणी पोचत नाही म्हणतात, ते याचमुळे. तिथे राहणारी माणसं आहेत, पण त्यांच्या मते पायथा आणखी पुढे असतो.

गोल इंद्रधनुष्य बघायला माणसं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जातात. त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि काटेकोर बोलायचं तर ते इंद्रधनुष्य नव्हे. धुक्यातले थेंब पावसाच्या थेंबांच्या मानाने फारच बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे. इतक्या लहान थेंबात देकार्तच्या सरळ रेघांचा हिशेब कोलमडतो आणि प्रकाशाला लाट म्हणूनच वागवावं लागतं. त्याचं पुरतं गणित गुस्टाव मी नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ साली मांडलं, म्हणजे देकार्तनंतर पावणेतीनशे वर्षांनी. इंद्रवज्राचं रंगीत कडं ४२ अंशांवर नसतं. आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती, अगदी थोड्या अंशांच्या अंतरावर, ते घट्ट बसलेलं असतं.

याचं एक जुनं वर्णन मी पुन्हा पुन्हा वाचते. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता. इथल्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्यात हरिश्चंद्रगडाचा हा प्रसंग आहे. कोकणातून वर चढलेलं धुकं कड्याच्या कडेशी येऊन थांबलेलं, पठारावर मात्र येत नव्हतं. साईक्स अगदी काठावर, पाठीमागे स्वच्छ आणि खाली असलेला सूर्य. समोर पुरतं वर्तुळ, अर्धं त्याच्या पातळीच्या वर आणि अर्धं खाली दरीत. आत त्याची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी स्वच्छ. बरोबरच्या माणसांचा विश्वासच बसेना की या आकृती आपल्याच आहेत. मग ते हात हलवून बघू लागले, पाय उडवू लागले, अंग वेडंवाकडं करून बघू लागले, आणि धुक्यातल्या आकृत्याही तेच करताहेत हे दिसल्यावर, काही वेळाने, त्यांची भीती गेली.

साईक्सने त्या माणसांची नावं दिलेली नाहीत. ती इथलीच असणार असं धरून चालायला मला आवडतं. त्यांनी जे केलं तो प्रयोगच होता. आपण हललो तर ते हलतं का? हलत असेल तर ते आपलं. याहून नेमकी तपासणी प्रयोगशाळेतल्या माणसालाही सुचली नसती. त्या कड्यावर आज शेजारी शेजारी दहाजण उभे राहिले, तर रंगीत कडं प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती दिसतं. शेजाऱ्याची सावली दिसते, पण तिच्याभोवती काही नसतं.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक नियम आहे: आकाशात इंद्रधनुष्य दिसलं, तर शहाण्याने ते कुणाला दाखवू नये. का, ते तिथे सांगितलेलं नाही. माझी आजीही बोट करू द्यायची नाही. “बघ आणि गप बस,” एवढंच म्हणायची. या नियमामागे इंद्राच्या शस्त्राचा धाक असेल. मला त्यात आता वेगळंच काही ऐकू येतं. दाखवू नये हे बाजूला राहू दे, दाखवताच येत नाही. मी बोट केलं की समोरचा बघतो ते त्याचं. इतकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी असलेली आणि इतकी एकेकट्याची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. तरी मी बोट करतेच. आजीचं बाकी सगळं ऐकलं, हे तेवढं ऐकणं माझ्याच्याने होत नाही. इंद्रधनुष्य दिसलं आणि गच्चीवर दुसरं कुणी नसलं, तर मी जिन्यातून हाका मारते, शेजारच्या काकूंना, खाली खेळणाऱ्या पोरांना. ज्याला त्याला आपापलं दिसू दे, पण एकाच वेळी दिसू दे.

पाऊस दूर असला की हा फरक नुसता हिशेबात राहतो, जाणवत नाही. तो डोळ्यांनी बघायचा तर थेंब जवळ हवेत. ताईच्या शेतावर उन्हाळी भुईमुगाला स्प्रिंकलर लावतात. सकाळी आठला, सूर्य अजून खाली असताना, पाण्याकडे तोंड आणि सूर्याकडे पाठ करून बांधावर उभं राहिलं की फवाऱ्यात धनुष्य उभं राहतं, आठ-दहा पावलांवर. इतक्या जवळ, की एक डोळा मिटला तर ते जरासं सरकतं आणि दुसरा मिटला तर परत येतं. म्हणजे माझ्या दोन डोळ्यांचीसुद्धा दोन वेगळी.

यंदा तिथे मी आणि दाजी बांधावर थोड्या अंतराने उभे होतो. मी म्हटलं, “दाजी, बघा, तिसऱ्या नोझलपाशी कसं खाली उतरलंय.”

“तिसऱ्यापाशी कुठं? मला दुसऱ्यापाशी दिसतंय.”

“तिसऱ्या.”

“अगं, डोळ्यांनी बघतोय मी. दुसऱ्या.”

मी त्यांना माझ्या जागी बोलावलं आणि त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले. ते वाकले, मान तिरपी केली, एक डोळा मिटला. मग म्हणाले, “हां. आलं तिसऱ्यावर.” जरा थांबून त्यांनी दुसऱ्या नोझलकडे पाहिलं. तिथे त्यांना नुसतं पाणी उडताना दिसत होतं.

“अन्‌ माझं होतं ते?”

“ते इथं आहे,” मी म्हटलं. “मला दिसतंय.”